समजुतींची वही : सांगलीतल्या गटाच्या प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

आपण ज्या समजुतींवर रोजचे निर्णय घेतो त्या कागदावर उतरवायच्या, त्यातल्या तपासता येतील तेवढ्या तपासायच्या, एवढंच काम. गटात गावभाग, विश्रामबाग, हरिपूर आणि मिरज इथली दहा-अकरा माणसं : शिलाईकाम करणाऱ्या ताई, हळदीच्या अडतीवरचे अण्णा, दोन निवृत्त शिक्षक, एक मेडिकल दुकानदार, एक रंगकाम करणारे, बाकी नोकरदार. बैठक दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ. दुसऱ्या गावात कुणाला असा गट चालवायचा असेल तर त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

१ जून. साहित्य

सुरुवातीला सगळ्यांसाठी दोनशे पानी मोठ्या वह्या आणल्या. चूक खरेदी. मोठी वही घरात कपाटावर राहते आणि समजूत डोकं वर काढते ती बसस्टॉपवर, दुकानात, फोन ठेवल्या ठेवल्या. संध्याकाळी आठवून लिहिलं की वाक्य गुळगुळीत होतं, शहाणं होतं. आठवड्याच्या आत खिशात मावणाऱ्या वह्या घेतल्या, वीस रुपयांना एक. वहीच्या स्प्रिंगला दोऱ्याने पेन बांधलं. हा दोरा बिनमहत्त्वाचा वाटतो, पण पेन शोधण्यात जाणाऱ्या अर्ध्या मिनिटात नोंद मरते.

मोबाईलवर लिहायचं दोघांनी ठरवलं होतं. नोंदीसाठी फोन उघडला की आधी व्हॉट्सॲप उघडतं. दोघेही वहीवर आले.

खर्च : वह्या-पेनं तीनशेच्या आत, खोलीचं भाडं नाही (वाचनालयाने वरची खोली दिली), चहा आणि भडंग वर्गणीतून. मोठ्या वह्यांचे पैसे वाया गेले म्हणायला हरकत नाही. त्या आता पुढच्या कामाला, म्हणजे आठवड्याचा गोषवारा लिहायला वापरतोय.

८ जून. पहिली यादी रद्द

'तुमच्या दहा समजुती लिहून आणा' एवढंच सांगितलं होतं. आलं ते असं : मांजर आडवं गेलं की काम होत नाही, साप दूध पितो, रात्री नखं कापू नयेत, अमावस्येला गाडी घेऊ नये, शेजारच्या काकू बाधा झाली म्हणतात ते खोटं आहे.

साप दूध पितो या समजुतीवर गटातला एकही माणूस जगत नाही. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं शिराळा जवळ असल्यामुळे विषय डोक्यात येतो, इतकंच. बहुतेक यादी दुसऱ्यांच्या समजुतींची होती. दुसऱ्याची समजूत तपासायला मजा येते आणि स्वतःचं काही जात नाही. ज्यांना ते काम करायचंय त्यांच्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा रस्ता आहेच. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली समिती उभी केली आणि आपल्या भागात तिचे कार्यकर्ते कमी नाहीत. या वहीचा हेतू वेगळा आहे.

म्हणून चाळणी लावली : या समजुतीमुळे गेल्या महिन्यात तुमचे पैसे, वेळ, झोप किंवा नातं यातलं काही खर्च झालं का? नसेल तर खोडा. शंभराच्या आसपास ओळींमधून वीसेक उरल्या. उरलेल्यांचा रंगच वेगळा होता : 'गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की ते तुटतं.' 'चारचा चहा चुकला की डोकं धरतं.' 'थांबलं की हळदीला भाव मिळतोच.' 'मी नसलो तर घरात कुणाला काही जमत नाही.' 'आमच्या घरात पुराचं पाणी येत नाही.'

चाळणी पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर एक आख्खी बैठक मांजरावर जाते.

१५ जून. घटनेचा रकाना

वहीच्या पानावर चार रकाने : काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, अंगात काय झालं, मग काय केलं. ही मांडणी आमची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणली. तिच्यातला घटना–समजूत–परिणाम हा क्रम घेऊन आम्ही अंगाचा रकाना वाढवला. थिअरी इथेच संपली.

बिघाड पहिल्याच रकान्यात. 'सासूबाई टोचून बोलल्या.' 'साहेबांनी अपमान केला.' 'मुलगा ऐकत नाही.' यातलं एकही घडलेलं नाही, हे सगळे निकाल आहेत. निकाल घटनेच्या जागी बसला की दुसऱ्या रकान्यात लिहायला काही उरतच नाही, आणि समजूत तशीच निसटते.

दुरुस्ती : मोबाईल चालू असता तर जेवढं रेकॉर्ड झालं असतं तेवढंच पहिल्या रकान्यात. 'त्या म्हणाल्या, आज उशीर झाला वाटतं.' बस्स. 'टोचून' हा शब्द दुसऱ्या रकान्यात गेला आणि तिथे त्याच्याभोवती पूर्ण वाक्य करायला सांगितलं, तेव्हा निघालं, 'मी कितीही केलं तरी यांना कमीच पडतं.' हे तपासता येण्यासारखं आहे.

एवढी सवय व्हायला दोन आठवडे जातात. घाई केली तर पुढचं सगळं काम वाकड्या पायावर उभं राहतं. जोडीने बसून एकमेकांच्या पहिल्या रकान्यातले निकाल पेन्सिलीने गोल करणं हा उपाय सगळ्यात चालला.

२२ जून. लक्ष देण्याचा सराव

अंगाचा रकाना रिकामा येत होता. 'काही नाही', 'नॉर्मल'. राग आल्यावर जबडा आवळतो, पोटात गोळा येतो, मान गरम होते हे लक्षातच येत नसेल तर समजूत पकडायची खूण हातात नाही. म्हणून रोज दहा मिनिटं बसणं सुरू केलं. श्वास एक ते दहा मोजायचे, चुकलं की एकपासून.

काय काय बिघडलं ते लिहून ठेवतो.

शहाबादी फरशीवर मांडी घालून बसल्यावर पाचव्या मिनिटाला पाय बधिर. मग उरलेलं सगळं लक्ष गुडघ्यात. सतरंजीची चौपट घडी फक्त बैठकीखाली घ्यावी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर येते. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी खुर्चीवर बसावं, पाय जमिनीला टेकवून, पाठ न टेकवता. खुर्चीवर बसलं की 'खरं' होत नाही असं एका गुरुजींचं म्हणणं होतं, तीही समजूत म्हणून त्यांच्याच वहीत लिहून घेतली.

दुपारी जेवणानंतर बसलेले झोपले. अगरबत्ती लावून बसणाऱ्याला खोकला झाला. दोघांना डोळे मिटल्यावर छातीत धडधड व्हायची, त्यांनी डोळे उघडे ठेवून चार फुटांवरच्या फरशीकडे बघावं असं ठरलं. तेही न जमल्यावर त्यातल्या एकीने घाटावर सावकाश चालणं धरलं, वीस पावलं जायचं, वळायचं, परत वीस. तिला तेच लागू पडलं आणि बसण्याचा आग्रह आम्ही सोडला.

'एक जेवण पूर्ण लक्ष देऊन, न बोलता' हा प्रयोग मात्र साफ पडला. एकत्र कुटुंबात माणूस न बोलता जेवला की तो रुसलाय असंच समजतात. दोन घरांत त्यावरून विचारपूस, मग वाद. आता फक्त पहिले पाच घास. भाकरीचा तुकडा तोंडात असताना पुढचा मोडायचा नाही, फोन दुसऱ्या खोलीत. पाच घासांत घरच्यांच्या काही लक्षात येत नाही.

२९ जून. भाकीत आधी

या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा भाग हा. समजूत जशी मनात येते तशी तपासता येत नाही. 'लोक नावं ठेवतात' याचं काय करणार? तिच्यातून भाकीत काढावं लागतं : कोण, काय करेल, कधीपर्यंत. आणि ते घडण्याआधी तारीख घालून लिहावं लागतं. नंतर लिहिलं की प्रत्येक जण म्हणतो, 'मला वाटलंच होतं.'

पानावर पाच ओळी ठरल्या :

समजूत, तिच्याच शब्दांत.
भाकीत, मुदतीसह.
खात्री, शंभरात किती.
काय दिसलं तर समजूत चुकली म्हणायचं.
कोणती कुबडी सोडायची.

चौथी ओळ लिहायला लोक टाळाटाळ करतात. काही झालं तरी समजूत खरीच ठरेल अशी वाक्यं ते नकळत करतात. 'तो वरवर चांगला वागेल, पण मनात राग धरेल.' मनातलं तपासायचं साधन आपल्याकडे नाही, असं भाकीत परत पाठवायचं. पाचव्या ओळीबद्दल ३ ऑगस्टची नोंद बघा.

'झालंच पाहिजे', 'कधीच नाही', 'सगळेच' असे शब्द आलेल्या ओळींना खाली रेघ मारायची. पहिलं भाकीत तिथूनच काढावं, कारण तिथे एक उलटं उदाहरणही पुरतं.

६ जुलै

आषाढी. निम्मे लोक नव्हते. जे होते त्यांनी एक गोष्ट मिटवली. 'आई-वडिलांना सांभाळणं माझं काम आहे' ही ओळ एकाच्या यादीत होती आणि ती कशी तपासायची यावर मागच्या दोन बैठका घसरल्या होत्या. ती तपासायची नाहीच. ते मूल्य आहे, जगाबद्दलचं विधान नाही. अशांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवलं. पण त्याच माणसाची पुढची ओळ, 'मी एक दिवस गावाला गेलो तर आईची औषधं चुकतील', ही तपासता येते. मेडिकलवाल्या सदस्याने आठवड्याच्या गोळ्यांची खणांची डबी दाखवली, किंमत फार नाही. प्रयोग झाला, औषधं चुकली नाहीत. आईने मात्र 'तू नसलास की करमत नाही' म्हटलं, ते भाकितात नव्हतं.

१३ जुलै. चारचा चहा

एका सदस्याची समजूत : चारचा चहा चुकला की पाचला डोकं धरतं. खात्री ९५. पहिल्या प्रयत्नात चहा घेतला नाही, डोकं दुखलं, समजूत खरी. पण चहा घेतला नाही हे डोक्याला माहीत होतं, त्यामुळे यातून काहीच कळलं नाही.

दुसरी रचना त्यांच्या मिसेसनी केली आणि ती या चार महिन्यांतली सगळ्यात चांगली रचना आहे. रोज दुपारी नाणं उडवायचं. छाप आला की नेहमीचा चहा, काटा आला की पाव चमचा पावडरचा. साखर, दूध, आलं तेवढंच, गवती चहाची पात दोन्हीत जास्त, म्हणजे वास झाकला जातो. कोणता दिवस कोणता ते त्या लिहून ठेवणार, यांना सांगणार नाहीत. हे आधी दोघांनी मिळून ठरवलं होतं, गुपचूप नाही.

दोनच दिवसांत बिंग फुटलं, कारण काचेच्या ग्लासात रंग फिका दिसतो. स्टीलच्या पेल्यात सुरू केल्यावर ओळखता येईना. पंधरवड्याच्या शेवटी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. डोकेदुखी दोन्ही प्रकारच्या दिवशी होती आणि जेवण अडीचच्या पुढे गेलेल्या दिवशी जास्त होती.

इथे एक सावधगिरी. यावरून 'चहा सोडल्याने काही होत नाही' असं कुणी समजू नये. रोज घेणाऱ्याने चहा-कॉफी एकदम पूर्ण बंद केली तर शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते, पहिल्या एक-दोन दिवसांत ती सगळ्यात जास्त असते आणि आठवडाभरही रेंगाळते. तो कॅफिनचा खरा परिणाम. सकाळचा चहा घेतलेल्या माणसाचं डोकं चारचा कप हुकल्यावर तासाभरात धरतं, ते या हिशोबात बसत नाही. एका वाक्यात दोन वेगळे दावे होते, त्यातला एक खरा आहे.

२० जुलै. चार खाने

अमावस्या आली (गुरुवारी, २४ तारखेला), त्यामुळे चाळणीतून वाचलेली एक ओळ घेतली : 'अमावस्येला सुरू केलेलं काम रखडतं.' हिच्यापायी एकाने रंगकामाचं काम पुढे ढकललं होतं आणि ते दुसऱ्याला गेलं, म्हणजे पैसे खर्च झाले होते.

पुरावा विचारल्यावर चार घटना आल्या, चारही रखडलेल्या. मग कागदावर अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा मारून चार खाने केले : अमावस्या आणि रखडलं, अमावस्या आणि पार पडलं, इतर दिवस आणि रखडलं, इतर दिवस आणि पार पडलं. पहिला खाना भरलेला, बाकी तीन रिकामे. रिकामे असतात असं नाही, आठवणीत राहत नाहीत. त्यांच्या जुन्या बिलबुकातून तारखा काढल्या, कालनिर्णय शेजारी ठेवलं. अमावस्येला लोक काम सुरूच करत नाहीत, त्यामुळे वरचे दोन्ही खाने मिळूनही बोटांवर मोजण्याइतके. तिसरा खाना मात्र तुडुंब. रंगकामात रखडणं नेहमीचंच, पावसामुळे आणि गिऱ्हाईक रंग बदलतं म्हणून.

निष्कर्ष लिहिला : पुरावा अपुरा. समजूत खोटी ठरली असं लिहिलं नाही. पुढच्या अमावस्यांना छोटी कामं मुद्दाम सुरू करायची असं त्यांनी स्वतः ठरवलं.

२७ जुलै. 'आमच्या घरात पाणी येत नाही'

नदी जुलैत फुगली की सांगलीत प्रत्येकाच्या तोंडी आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे फूट असतात. १९२९ चा हा पूल, त्यावरची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तरी स्वतःच्या दारात पाणी किती फुटांना येतं हे गटात दोघांनाच नक्की माहीत होतं.

या समजुतीचं भाकीत करून वाट बघत बसणं मूर्खपणा. तिचा पुरावा आधीच भिंतींवर आहे. २००५ ला ज्यांच्याकडे पाणी आलं नाही त्यांनी 'आपल्याकडे येत नाही' धरलं, २०१९ चा पूर त्याच्या वर गेला, २०२१ ला पुन्हा तारांबळ. एका अनुभवावरून 'कधीच' तयार होतं, आणि तो अनुभव जितका जुना तितकं ते पक्कं होतं.

काम असं केलं. प्रत्येकाने गल्लीतल्या तीन घरांत विचारून २०१९ च्या पाण्याची खूण शोधली. कुठे दगडी भिंतीवर रेघ आहे, कुठे मीटरच्या पेटीवर. शिवाय सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल भागात पाणी आधी येतं, तिथून आपल्या गल्लीपर्यंत किती तासांत आलं ते विचारलं. मग आपल्या घरापुरता कागद : आयर्विन अमुक फूट झालं की कागदपत्रं आणि औषधं पिशवीत, अमुक झालं की फ्रिज-मशीन वर, अमुक झालं की म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. आकडे प्रत्येकाचे वेगळे. शेजाऱ्याचा कागद उतरवून घेऊ नका, बोळ एका टोकाला तीन फूट खाली असू शकतो. आणि नुसता आयर्विनवर भरवसा नको, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं तेही बघा, पाणी इथवर यायला वेळ लागतो आणि तोच तुमचा हातातला वेळ.

सगळ्यात हट्टी विरोध या समजुतीला झाला. कारण ती सोडली की लगेच फ्रिज उचलायचं काम मागे लागतं. ज्या समजुतीमुळे काम वाचतं तिच्याकडे जास्त संशयाने बघा, हा धडा इथून घेतला आणि बाकीच्या वहीला लावला.

३ ऑगस्ट. नाही म्हणणं, आणि कुबड्या

शिलाईवाल्या ताई. समजूत : नाही म्हटलं की गिऱ्हाईक तुटतं. गौरी-गणपतीच्या आधी अर्जंट ब्लाउज घेऊन रात्री दोनपर्यंत मशीन. भाकीत : ज्यांना नाही म्हणेन त्या दसऱ्याच्या कामाला येणार नाहीत. खात्री ९०.

पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन जणींना नाही म्हटलं आणि कुणीही रागावलं नाही. वही तपासताना कळलं की तिघींना 'मशीन बिघडलीय' सांगितलं होतं. म्हणजे तपासलं गेलं ते एवढंच, की मशीन बिघडल्याचं लोकांना पटतं. ही कुबडी. कारण देणं, लांबलचक माफी मागणं, लगेच काहीतरी फुकट करून देणं, मेसेज टाकून फोन बंद ठेवणं या सगळ्या कुबड्याच. त्या हातात असताना पाय मोडलाय की नाही ते कळत नाही. म्हणून पानावर पाचवी ओळ.

नवं वाक्य बैठकीतच ठरवलं आणि चारदा म्हणून बघितलं : 'गणपतीपर्यंत जमणार नाही, दसऱ्याला नक्की देते.' यापुढे गप्प राहायचं. गप्प राहणं अवघड असतं. समोरची माणसं तीन-चार सेकंद बघत राहतात आणि तेवढ्यात तोंडातून 'बरं, ठेवून जा' निघतं. ताईंनी त्या वेळात टेप गळ्यातून काढून गुंडाळायला घेतली, हाताला काम मिळालं.

निकाल २१ सप्टेंबरला.

१० ऑगस्ट. खाली उतरणारे प्रश्न

वरच्या वाक्याखाली काय आहे ते काढायला 'असं झालं तर त्यात वाईट काय?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. गिऱ्हाईक तुटलं तर काय? पैसे कमी. मग काय? घरी मागावे लागतील. मग काय? 'मी कुणावर तरी ओझं आहे.' चौथ्या प्रश्नाला इथवर आलं.

पद्धत ताकदीची आहे आणि म्हणून तिला कुंपण हवं. एका जोडीने ती रात्री फोनवर केली, सात-आठ प्रश्न, आणि एक जण दोन दिवस नीट जेवला नाही. तेव्हापासून नियम : फक्त सकाळी, फक्त समोरासमोर, जास्तीत जास्त पाच प्रश्न, रडू आलं की थांबायचं आणि पाणी, चहा, चालणं. मारहाण, लहानपणचा अत्याचार, जगण्याचा कंटाळा असं काही वर आलं तर वही बंद. ते या गटाचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने लिहून ठेवावा. गरज पडेपर्यंत थांबून मग लिहू, असं नको.

२४ ऑगस्ट

या आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढला, नदी वर आली. २७ जुलैचे कागद वापरात आले. बहुतेकांचे आकडे ठीक होते. एका कागदात 'गाडी उंच जागी' ही ओळच नव्हती, ती वाढवली. बैठक अर्ध्या तासात आटोपली, लोकांना घरी कामं होती. ३१ तारखेला गौरी, तेव्हाही सुट्टी.

७ सप्टेंबर. ग्रहण

खग्रास चंद्रग्रहण, रविवारीच. खंडग्रास रात्री ९:५७ ला, खग्रास ११ ते १२:२२, सुटका १:२६. सूतक पाळणाऱ्या घरांत दुपारी १ च्या आधीच जेवणं उरकायची घाई. बैठकीत एकीने विचारलं की सून गरोदर आहे, घरात तिला सुरी हातात घ्यायची नाही, काही खायचं नाही असं सांगितलंय, प्रयोग करू का.

नाही. दुसऱ्याच्या अंगावर प्रयोग करायचा नाही, हा नियम तेव्हा लिहिला, खरं तर पहिल्या दिवशीच हवा होता. सुनेने काय करायचं ते सुनेने ठरवावं. तिला उपाशी ठेवू नये हे मात्र सासूबाईंनी घरात सांगावं, गरोदर बाईने बारा तास पोट रिकामं ठेवणं बरं नव्हे आणि त्याला प्रयोगाची गरज नाही. सून वेळेवर जेवली असं पुढच्या रविवारी कळलं.

अन्नाचा प्रयोग केला, कारण तो कुणाच्या अंगावर येत नाही. एकाच पातेल्यातला भात तीन सारख्या स्टीलच्या वाट्यांत : एकीत तुळशीचं पान, एकीत काही नाही, दोन्ही झाकून ओट्यावर, तिसरी फ्रिजमध्ये. सकाळी वास आणि चिकटपणा दुसऱ्याने तपासायचा, कोणती वाटी कोणती हे न सांगता. पान आधी काढून टाकायचं, नाहीतर वासावरून कळतं.

ओट्यावरच्या दोन्ही वाट्या सारख्याच आंबूस, फ्रिजमधली ठीक. पण एका रात्रीवरून ग्रहणाबद्दल काहीच सांगता येत नाही, कारण साध्या रात्री काय होतं ते मोजलेलं नव्हतं.

१४ सप्टेंबर

साध्या रात्री तोच भात, त्याच वाट्या, तीच वेळ. निकाल तोच. शिजवलेला भात उबदार हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवूच नये, ग्रहण असो नसो. तपासलेला भात कुणी खाल्ला नाही, जनावरांनाही घातला नाही.

२१ सप्टेंबर. खात्रीचा हिशोब

आता भाकितं पुरेशी जमली. प्रत्येकाची वीसच्या वर असल्याशिवाय हा हिशोब करू नका, आकडे उड्या मारतात. ज्या भाकितांपुढे ९० खात्री लिहिली होती ती सगळी एकत्र केली. नव्वदच्या खात्रीची चाळीस भाकितं असतील तर छत्तीसच्या आसपास खरी निघायला हवीत. तीसही निघाली नाहीत. ६० खात्रीवाली मात्र बऱ्यापैकी जुळली. म्हणजे माणसं जिथे चाचरत होती तिथे ठीक होती.

माणसांच्या वागण्याबद्दलची भाकितं सगळ्यात जास्त चुकली आणि बहुतेक एकाच बाजूला, वाईट घडेल या बाजूला. हळदीच्या भावाची भाकितं उलट बाजूला चुकली. अण्णांनी जूनपासून दर पंधरवड्याला तारीख, प्रतवारी आणि क्विंटलचा भाव लिहून ठेवला होता. 'थांबलं की भाव मिळतोच' यातला 'मिळतोच' त्यांनी स्वतः खोडून 'कधी कधी मिळतो, गोदामाचं भाडं, व्याज आणि घट वजा करून बघायचं' असं केलं. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद ठेवायचे त्या काळापासून ही समजूत चालत आलीय, त्यांच्या वडिलांच्याही तोंडी होती. वडील चुकले असं म्हणायला ते तयार नाहीत आणि ते म्हणायला लावायचं कारणही नाही.

ताईंचा निकाल : खरं वाक्य वापरून ज्यांना नाही म्हटलं त्यातल्या बहुतेक जणी दसऱ्याच्या ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. दोघी आल्या नाहीत, त्यातली एक दुसरीकडे शिवते हे पक्कं कळलं. भाकीत पूर्ण चुकलं नाही, थोडं खरं ठरलं. नवी ओळ : 'नाही म्हटलं की काही गिऱ्हाइकं जातात.' दोन गिऱ्हाइकांचं नुकसान आणि तीन आठवड्यांची झोप यांचा हिशोब त्यांनी मांडला आणि पुढच्या वर्षीही गणपतीआधीचे आठ दिवस अर्जंट काम बंद ठेवायचं लिहिलं. 'मी ओझं आहे' हे खालचं वाक्य अजून हललेलं नाही. त्यासाठी छोटी भाकितं पाडतोय : बहिणीकडे दोन दिवस राहायला मागितलं तर ती काय म्हणेल, इथून सुरुवात.

राहिलेलं काम : अमावस्येचे वरचे दोन खाने. गुरुजींची खुर्ची. दोघांनी वह्या मध्येच सोडल्या, कारण विचारलेलं नाही, विचारायचंही नाही असं ठरलं. पुढची तुकडी दिवाळीनंतर. वह्या शंभर पानी, आखीव, खिशातल्या. दोरा आधीच बांधून द्यायचा.